षष्ठीचे पान

हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. पत्नीलाही नाही. आधी व्याख्या द्यावी आणि मग उदाहरण, ही वर्गातली सवय इथेही सुटत नाही, म्हणून प्रथम तिथीविषयी सांगतो. माणूस ज्या तिथीला जातो, पितृपक्षातल्या त्याच तिथीला त्याच्या नावाने पान वाढतात. तिथी तारखेसारखी मध्यरात्रीची वाट पाहत नाही. ती भरदुपारीही बदलते. आणि ज्याची तिथी कोणालाच ठाऊक नाही, त्याच्यासाठी पंधरवड्याचा शेवटचा दिवस असतो — सर्वपित्री अमावास्या.

माझ्या वडिलांचे, नानांचे पान आमच्याकडे षष्ठीला वाढले जाते. वाशीच्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर मी ते ठेवतो आणि दोन पावले मागे सरतो, तोच कावळा येतो. एका वर्षी आमचा रखवालदार, जवळच्याच आगरी गावातला, मोठ्याने हसून म्हणाला, "मास्तर, तुमचा बापूस टायमाचा पक्का हाय! आमचा आजा कसा, दुपारपर्यंत वाट बघायला लावतो." आई कौतुकाने हसली. मी जिना उतरून खाली आलो. का उतरलो? तेच सांगायचे आहे — आणि अजूनही मी कडेकडेनेच चाललो आहे.

पुढे एकदा इयत्ता सातवीला जगभरातल्या अशा सणांची माहिती देण्यासाठी मी तक्ता तयार केला. जपानात पूर्वजांना वाट दिसावी म्हणून दिवे लावतात, चीनमध्ये वसंतात थडगी झाडून स्वच्छ करतात, मेक्सिकोत झेंडूची फुले मांडतात. तिकडेही झेंडूच, हे ऐकून मुले खूश झाली. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, पण दिवसच माहीत नसला तर?" मी अमावास्येचा नियम सांगितला. कोणीही वगळले जाऊ नये अशी ही सोय आहे, असेही म्हणालो. ती म्हणाली, "मग काय टेन्शनच नाय!" वर्ग हसला. मी फळा पुसू लागलो. त्यावर काहीही लिहिलेले नव्हते.

एकोणीसशे सत्तरचे दशक संपत आले होते. नाना कोकणातून माझ्याकडे उपचारांसाठी आले होते; आई गावीच होती. त्यांना रुग्णालयात ठेवून सहा दिवस झाले होते. सहाही दिवस मी खाटेशेजारी बसत होतो, आणि खरे सांगतो — कंटाळलो होतो. सातव्या दिवशी साडेअकराच्या सुमारास उठलो. नाना म्हणाले, "बस ना जरा, दिनू." मी म्हणालो, "शाळेत तपासणी आहे, नाना. जायलाच हवं."

त्या दिवशी शाळेला सुट्टी होती.

मी दोन चौक पलीकडे एका सहकाऱ्याच्या खोलीवर गेलो आणि कॅरम खेळलो. चार बोर्ड जिंकलो, एक हरलो. परतलो तेव्हा चार वाजून गेले होते. परिचारिका म्हणाली, "कुठे होता तुम्ही? आत्ता पाहिलं तर..." केव्हा गेले ते तिलाही सांगता येईना. बाराला? तीनला? माझ्या बोटांना बोरिक पावडर तशीच होती.

दुसऱ्या दिवशी आई आणि धाकटा भाऊ वसंता एस.टी.ने आले. आई रडलीसुद्धा नाही आधी. तिने विचारले, "पाणी कोणी घातलं?" मी म्हणालो, "मी." "किती वाजले होते?" आणि मी — वेळापत्रक आखणारा मी — म्हणालो, "अकरा वाजून वीस मिनिटं." वीस! सुमारे म्हटले असते तर कदाचित तिने पुन्हा विचारले असते. तिने वसंताला पंचांग पाहायला लावले. षष्ठी दीडपर्यंत होती, पुढे सप्तमी. "म्हणजे षष्ठी," आई म्हणाली, आणि मग रडली. माझा हात धरून म्हणाली, "तू होतास, बरं झालं रे."

अमावास्या हे खरे उत्तर होते. पण अमावास्या म्हणजे तिथी ठाऊक नाही, आणि तिथी ठाऊक नाही म्हणजे मुलगा तिथे नव्हता. हे समीकरण मला त्या क्षणी स्पष्ट दिसत होते. मी गडबडलो नव्हतो.

इथेच थांबलो असतो, तर खोटे माझ्यापुरते राहिले असते. नंतरच्या वर्षांत आई वसंताकडे, दिघ्याला राहिली. पावणे गावाजवळच्या कारखान्यातली पाळी संपवून तो घरी येई आणि तिची वेणी घाली, तिला भरवी, कूस बदलून देई. शेवटचे चौदा महिने तिचे सगळे त्यानेच केले. मी रविवारी जात असे. तिची अखेर जवळ आली तेही एका रविवारी, सकाळी. वसंताने वाटीत पाणी घेतले, तुळशीचे पान टाकले, चमचा तिच्या ओठांशी नेला. आईने मान वळवली.

"दिनूला दे," ती म्हणाली. "नानांना त्यानंच घातलं. मलाही त्याच्याच हातचं दे."

वसंताने माझ्याकडे पाहिले. तेव्हा बोलता आले असते. एक वाक्य पुरले असते — तिला नाही, निदान त्याला, दाराबाहेर नेऊन. मी हात पुढे केला. त्याने चमचा दिला आणि मला जागा व्हावी म्हणून भिंतीला टेकून उभा राहिला. मी तीन चमचे पाणी घातले. ती प्यायली. तिची तिथी आम्हाला नेमकी ठाऊक आहे.

आता पाहुणे आले की वसंता स्वतःहून ही हकीकत सांगतो. आईवडील दोघांनाही दादाच्याच हातचे पाणी मिळाले, असे नशीब कितीजणांचे असते, असे म्हणतो. त्याच्या आवाजात तक्रार नसते, अभिमानच असतो. मी शेजारीच बसलेला असतो. मी मान हलवतो.