स्थावर, जंगम आणि डॉल्फिन

डॉल्फिन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर मासा येतो. येऊ द्या. समजावून सांगायचा मला आता कंटाळा आलाय. एकदा शाळेत, मधल्या सुट्टीत, गाड्यांचा विषय निघाला आणि मी म्हणाले, वाटूरला आमच्या अण्णांची डॉल्फिन होती. विज्ञानाचे सर तोंडातला चहा सांडेपर्यंत हसले. "मॅडम, वाटूरला समुद्र कधी आला?" आता या शहाण्याला काय सांगायचं? डॉल्फिन नावाची कार याच देशात बनत होती. दोन दारांची, बुटकी, फायबरच्या अंगाची. तिच्या आधी त्याच कंपनीच्या घराण्यातली तीन चाकांची बादल होती, तिच्यानंतर चार दारांची माँटाना आली आणि मग ते सगळं खानदानच विस्मरणात गेलं. मोबाईलवर फोटो शोधून दाखवला तर सर म्हणाले, "ही तर खेळण्यातली वाटते." मी मोबाईल पर्समध्ये टाकला आणि तासावर गेले.

अण्णा म्हणजे माझे वडील. जालन्याच्या एका बियाणे कंपनीत होते. शेतकऱ्यांच्या रानात कंपनीच्या बियाण्याचे प्लॉट असायचे, ते बघत गावोगाव फिरायचं, हे त्यांचं काम. संभाजीनगरच्या कुण्या डॉक्टरच्या अंगणात ही गाडी अडगळ होऊन पडली होती. डॉक्टरला ती नको होती आणि अण्णांना जीप परवडत नव्हती, असा तो योग. फिकट निळी गाडी घेऊन ते वाटूरला आले तेव्हा अर्धं गाव पारावर जमलं. कुणी बॉनेटवर टिचकी मारून म्हणालं, "अण्णा, ही तर बादली हाय!" झालं. त्या दिवसापासून गावात तिला डॉल्फिन कुणी म्हटलंच नाही. अण्णांची बादली आली, अण्णांची बादली गेली.

अण्णांना त्याचा राग येत नसे. मला यायचा. त्यांनी एक उपाय काढला होता. जुन्या रेडिओच्या स्पीकरमधलं लोहचुंबक, चपातीएवढं गोल, ते डॅशबोर्डमध्ये ठेवायचे. फाट्यावर चहाला थांबलं की कुणीतरी टिचकी मारायचंच. मग अण्णा शांतपणे ते चुंबक काढून त्याच्या हातात द्यायचे. "चिकटवून दाखव. चिकटलं तर गाडी तुझी." तो माणूस दाराला लावून बघायचा, टपाला लावायचा, पार मागच्या काचेपर्यंत जायचा, आणि चुंबक बिलकुल चिकटायचं नाही. शेवटी धप्पकन मातीत पडायचं. अण्णा ते उचलून धोतराला पुसायचे आणि आम्ही पुढे निघायचो. एकदा जांब समर्थला देवळाबाहेर एका म्हाताऱ्याने तासभर प्रयत्न केला. आई दर्शन घेऊन आली तरी तो गाडीभोवती फिरतच होता.

दहावीच्या सुट्टीत अण्णांनी मला ती गाडी शिकवली. परतूरच्या रस्त्यावर, सकाळी. "क्लच हळू सोड, बाई. दम धर." ते मला बाईच म्हणायचे. रस्त्याने जाणारे सायकली थांबवून बघायचे. पोरगी गाडी चालवून राह्यली, म्हणून घरी सांगावाही आला. त्या गाडीचं वळण इतकं लहान होतं की बैलगाडी जिथे दोनदा मागेपुढे करायची, तिथे ती एका दमात वळायची. पहिल्यांदा ती माझ्या हातून तशी वळली तेव्हा मी मोठ्याने ओरडले होते. तेवढा आनंद मला पुढे नोकरीच्या ऑर्डरचाही झाला नाही. उगीच कशाला खोटं बोलू?

माझी आत्या अण्णांना म्हणाली, "पोरीला काय ड्रायव्हर करायचंय का?" अण्णा म्हणाले, "ही गाडी बाईचीच हाय. मी निस्ता चालवून राह्यलो." हे वाक्य मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. आत्या होती, आई होती. धाकटा भाऊही होता, मागच्या सीटवर. त्यालाही शिकायचं होतं, तो हट्ट करायचा. अण्णा त्याला म्हणायचे, "तुला ट्रॅक्टर हाय की." आणि विषय संपायचा.

पुढे सगळ्यांचं होतं तसं माझं लग्न झालं. जालन्यात नोकरी, जालन्यात घर. नवऱ्याने कार घेतली, पण मी तिच्या डाव्या बाजूला बसते. "तू कशाला, गर्दी असते," असं तो म्हणतो. वाईट माणूस नाही. पण त्याच्या गाडीचं स्टेअरिंग माझ्या हातात दोनदा आलं, दोन्ही वेळा रिकाम्या मैदानात, आणि दोन्ही वेळा त्याचा हात हँडब्रेकवर होता. शाळेत मी स्कूटीवर जाते. माझ्या नावाचं म्हणावं असं चार चाकांचं काही असेल तर ती डॉल्फिनच. अण्णा म्हातारे झाले, तिचे सुटे भाग मिळेनात. मग ती आमच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या खोलीपाशी, लिंबाखाली ताडपत्री घालून उभी राहिली. प्रत्येक दिवाळीला गेले की अण्णा ताडपत्री वर करून दाखवायचे. "तुझी गाडी पुसून ठेवली बघ."

दोन वर्षांपूर्वी अण्णा गेले.

आमच्याकडे बाप गेला की वर्षाच्या आत बहिणीने हक्कसोड करून द्यायची रीत आहे. जमिनीतला आपला हिस्सा भावाला सोडला, असं लिहून द्यायचं. कुणी जबरदस्ती करत नाही हो. फक्त सगळे फार गोड बोलायला लागतात. भावजय फोन करून तब्येत विचारते. भाऊ म्हणतो, ताई, माहेर तर तुझंच हाय. एक साडी आणून ठेवलेली असते. मी सही देणारच होते. शेती त्याने केली, उन्हात तो राबला, मला त्यात काही बोलायचं नव्हतं. मी एवढंच म्हणाले, "मला अण्णांची गाडी दे." भाऊ हसला. "ती बादली व्हय? घे की ताई. तुझीच हाय. नेयची तव्हा ने."

परतूरला रजिस्ट्रार ऑफिसच्या बाहेर, दस्त लिहिणाऱ्याने कागद वाचून दाखवला. नाकातल्या नाकात, एका सुरात, श्वासही न घेता. "मयत वडिलांच्या स्थावर व जंगम मिळकतीमधील माझा संपूर्ण हक्क मी राजीखुशीने..." मी ऐकलं. अगदी स्पष्ट ऐकलं. मी मराठी शिकवते. स्थावरचा विरुद्धार्थी शब्द जंगम. दर वर्षी एका मार्काला येतो. स्थावर म्हणजे न हलणारं, जमीन, घर. जंगम म्हणजे हलणारं, भांडीकुंडी, दागिने, गाडी. पोरं जंगम म्हटलं की आडनाव समजतात, तेव्हा मी डस्टर आपटून सांगते. आणि तिथे, त्या खुर्चीवर, मला एवढंच वाटलं की आता मधेच टोकलं तर भावाला वाईट वाटेल. लोक म्हणतील, बघा, मास्तरीण बाई, भावाच्या कागदात चुका काढून राह्यली. मी सही केली. वर दस्त लिहिणाऱ्याला म्हणाले, अक्षर छान आहे तुमचं. मूर्ख कुठली!

गाडी लगेच नेता आली नाही, घरापुढे जागा नव्हती. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी पत्र्याचं शेड टाकून घेतलं. नवरा म्हणाला, बंद गाडीला शेड? मी म्हणाले, हो. खाली फरशी केली, पत्र्याला हिरवा रंग दिला. मग भावाला फोन लावला, रविवारी टेम्पो घेऊन येते म्हणून.

तो म्हणाला, "ताई, ती तर गेली."

"गेली म्हणजे?"

"भंगारवाला आल्ता मागल्या आठवड्यात. आखाड्यावर पाण्याच्या मोटारीचे पाइप ठेवायला जागा लागत व्हती. म्हन्लं, काय करायचं त्या सांगाड्याचं."

"मी मागितली होती. तू हो म्हणाला होतास."

"व्हय, पण न्हेली न्हाई ना तू." आणि मग, हलक्या आवाजात, "तसं बी कागदावर जंगम बी लिव्हलंय, ताई. सही तुझीच हाय."

मराठीत सात वेळा नापास झालेला माझा भाऊ. मीच त्याच्याकडून जंगमचा अर्थ पाठ करून घेतला होता, अण्णांच्या ओट्यावर बसून. संतापून म्हणाले, "ती पंधरा वर्षं हलली नव्हती. मग जंगम कशी रे?" तो म्हणाला, "आता तूच सांग, तू मॅडम हायस." मी फोन ठेवला.

भंगारवाल्याचा पत्ता काढून मी स्कूटीवर एमआयडीसीत गेले. जालन्याचं सगळं जुनं लोखंड तिथे जातं आणि सळई होऊन बाहेर येतं. आपल्या स्लॅबमध्ये कदाचित आपलीच जुनी सायकल असते. तिथल्या यार्डात एक क्रेन होती आणि तिच्या टोकाला जात्यापेक्षा मोठं चुंबक लटकत होतं. ते खाली यायचं आणि पत्रे, डबे, कुणाचे तरी दरवाजे, सगळं उचलून न्यायचं. यार्डवाला माझ्यावरच चिडला. "मॅडम, हे काय पाठवलं तुमच्या भावानं? पुरं लोखंड हाय म्हन्ला आमाला. खालची चेसी गेली, इंजन गेलं. ह्याचं आता काय करू? मॅग्नेट पकडतच न्हाई." त्याने हात केला तिकडे मी बघितलं. कंपाउंडच्या भिंतीपाशी डॉल्फिनचं निळं अंग पडलं होतं. चाकं नाहीत, सीट नाही, स्टेअरिंगच्या जागी भोक. टपावर अण्णांनी चिकटवलेलं ओमचं स्टिकर तेवढं शाबूत.

"खरंच पकडत नाही?" मी विचारलं.

त्याला वाटलं माझा विश्वास बसत नाही. त्याने क्रेनवाल्याला इशारा केला. ते भलंमोठं चुंबक हळूहळू खाली आलं, टपाला टेकलं, जरा थांबलं आणि रिकामंच वर गेलं. मी तिथे, त्या गंजाच्या ढिगात उभी राहून रडले. चिकटलं तर गाडी तुझी, असं अण्णांचं म्हणणं होतं. चिकटलं नव्हतं. पण चाकं तर गेलीच होती. यार्डवाला घाबरला. "घेऊन जा मॅडम, फुकट घेऊन जा, पर रडू नका."

टेम्पो केला. गेटवर पास करावा लागतो. वॉचमनने लिहिलं, प्लास्टिक भंगार, एक नग. मी म्हणाले, खोडा ते. "मंग काय लिहू?" डॉल्फिन लिहा. "मासा?" मी त्याच्या हातून पेन घेतलं आणि स्वतः लिहिलं, डॉल्फिन कार. मग तो पास मी वरून खालपर्यंत दोनदा वाचला, मागची बारीक अक्षरंसुद्धा, आणि मगच सही केली. मागे ट्रकची रांग लागली होती. लागू दे.

भाऊबीजेला भाऊ आला. दरवर्षी येतो तसा, साडी घेऊन. शेडमध्ये विटांवर ठेवलेलं ते निळं अंग बघून दारातच थांबला. "ताई, ह्याला चाकं न्हाईत, इंजन न्हाई. ह्याचं काय करनार तू?"

मी तयारच होते. कितीतरी दिवस वाक्य घोळवून ठेवलं होतं. म्हणाले, "काही नाही. आता ती हलत नाही, म्हणजे स्थावर झाली. स्थावरही मी तुला लिहून दिलंय. तेव्हा तुझीच आहे, जाताना घेऊन जा."

तो हसेल किंवा भांडेल असं मला वाटलं होतं. दोन्हीला माझ्याकडे उत्तर होतं. त्याने चप्पल काढली, पुन्हा घातली. मग खाली बघत म्हणाला, "जमीन मला अण्णानं दिली न्हाई, ताई. ती आपसूक आली, पोरगा म्हणून. हातानं दिलेलं तुलाच हाय. मी मागं बसून बघत व्हतो समदं. मला येकदा बी धरू दिलं न्हाई स्टेरिंग."

तीस वर्षं मागच्या सीटवर कोण बसलं होतं याचा मी कधी विचारच केला नव्हता. आणि तरी सांगते, राग गेला नाही. त्याचं खरं होतं म्हणून मला माझी चाकं थोडीच मिळणार होती? उलट आता रागावायलाही धड जागा राहिली नाही, हे जास्त लागलं.

मी पाट मांडला. तो बसला. कुंकू लावताना माझा अंगठा जरा जोरात दाबला गेला, त्याने डोळे मिटून घेतले पण मान हलवली नाही. ओवाळलं. साडी ठेवून घेतली. जेवून तो निघाला, शेडपाशी थांबला, आणि आजूबाजूला कुणी नाही असं बघून वाकून आत शिरला. उजव्या बाजूला, जिथे सीट होतं तिथे, फरशीवर उकिडवा बसला आणि दोन्ही हात समोर धरले. मी खिडकीतून बघत होते. बाहेर जाऊन त्याला क्लच हळू सोड म्हणावं, असं एकदा ओठांवर आलं. मी नाही गेले.