वाडीचं नाव
कांदाभजी तळल्याचा वास आला की मला ओरोसच्या कोर्टाजवळचं कॅन्टीन आठवतं. तेव्हा मी कुडाळच्या एका साप्ताहिकात शिकाऊ होते. एका अल्पवयीन मुलीवरच्या अत्याचाराचा निकाल नुकताच लागला होता. अशा मुलीचं नाव छापायला कायद्याने बंदी असते. आमच्या वार्ताहराने भजी खाता खाता बातमी लिहिली आणि समोर बसलेल्या तिच्या आईला हळूच वाचून दाखवली. त्यात वाडीचं नाव होतं, आणि 'रापणीच्या मालकाची मुलगी' असं होतं; रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं. "तुझ्या चेडवाचा नाव खंय घातलंय, काकी?" तो म्हणाला. "आमच्या वाडीत रापणीचो मालक एकच आसा रे. नाव आणि वेगळा कित्याक होया?" त्याने रापण खोडली. "वाडी पण काढ." "लोकांका खरा कळाक नको?" "शिक्षा झाली ता कळांदे. मोठ्या अक्षरात घाल." त्याने वाडी खोडली, मग कुरकुरत गावही खोडलं. "आता बातमीत उरला काय, काकी?" "माझा चेडू उरला," ती म्हणाली आणि पिशवी उचलून उठली. ती मुलगी आता कधीकधी माझ्याच एसटीत असते, मैत्रिणींशी मोठमोठ्याने हसत. मी खिडकीबाहेर बघत राहते.