निंगव्वाआक्कानं सून कशी बघितली

विसरलात ना?

कुणाच्या लग्नात जिलबी कमी पडली ते तीस वर्षं ध्यानात ठेवता, आणि आजचा दिवस कुणाचा ते मोबाईलनं सांगावं लागतं.

मग मोबाईलच सांगतोय, वाचा. माझी थोरली जाऊ निंगव्वाआक्का गेली, त्याला आज वरीस झालं.

मी बोलतीय, नात टाइप करतीय. माझं 'न्हाय' तिनं 'नाही' केलं असंल तर भांडण तिच्याशी करा.

आक्का विजापूरकडची. आमच्या वरकुट्याच्या घरात मेंढरं होती तेव्हा लग्न होऊन आली. दोन वर्षांनी मी आले, तरी तिची मराठी म्हणजे नुसती मान हलवणं.

पहिल्याच आठवड्यात तिनं कालवणाचा थेंब माझ्या तळहातावर टाकला आणि म्हणाली, "तिंद नोड."

नोड म्हणजे बघ, एवढं मला कळलं होतं. मग तिंद म्हणजे खाऊन.

खाऊन बघ. हे तर आमचंच.

मग आमचा खेळच झाला. मी म्हणायची हुंगून बघ, ती म्हणायची मूसि नोड. हात लावून बघ, मुट्टि नोड. राबायचं जिभेनं, नाकानं, बोटानं, आणि नाव बघण्याचं. तिच्याकडंबी तसंच, आमच्याकडंबी तसंच. डोळ्याला फुकटचा मान.

ऐकणं आणि विचारणं याला मात्र त्यांच्यात एकच शब्द, केळु. आक्का म्हणायची, आमच्यात विचारणारा ऐकून घेतो, तुमी मराठी माणसं विचारता आणि निघून जाता.

नात म्हणते, इंग्रजीत एखादी गोष्ट समजली की 'आय सी' म्हणतात. मला दिसतंय. म्हणजे साहेबालाबी डोळे मिटून दिसतं.

नव्वद साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. मेंढरं जाऊन शेतात ऊस आला होता. माझ्या दत्तूचं, म्हणजे या टाइप करणारीच्या बापाचं, लग्न काढलं.

पोरगा माझा, पण वाढवला आक्कानं. तिला मूल नव्हतं. बाळंतपणानंतर मी सहा महिने अंथरुणाला होते. तेव्हा तिनं त्याला पोटाशी धरला तो परत दिलाच नाही.

मीबी मागितला नाही.

तेव्हा पोरगी बघायची ती आक्कानंच. यात कुणाचं दुमत नव्हतं.

आणि आक्काला दिसत नव्हतं.

मोतीबिंदू. घरात कुणाला पत्ता नाही. तांदळातले खडे बोटानं काढायची, माणूस पायाच्या आवाजावर ओळखायची. मला कळलं ते असं, की रंग द्यायला भिंतीवरचा आरसा काढला होता, आणि ही कोऱ्या भिंतीसमोर उभी राहून कुंकू लावत होती. मान वाकडी करून, अगदी नीट.

मी हसले. मग हसू विरलं.

"सगू, कुणाला सांगू नगंस," ती म्हणाली. "आंधळीला पोरगी बघाय कोण न्हील?"

मी शब्द दिला.

जीपनं सुप्याला गेलो. वाटेत मी तिला शिकवलं, की पोरगी बरी दिसली तर मी तुझा हात दाबीन, तू मान हलव. तर मलाच म्हणते, तुझ्या दाबण्यावर माझ्या पोराचा संसार मांडू व्हय?

तिथं 'पाव्हणं आलं, पाव्हणं आलं' झालं. मला आपलं वाटायचं, पोरगी पाहायला येतो तो पाहुणा. नात म्हणते नाही आजी, तो शब्द संस्कृतातल्या प्राघुणवरनं आलाय, पाहण्याशी त्याचं नातं नाही.

नसंल. पण त्या दिवशी सुप्यात सगळे बघायलाच बसले होते.

पोरगी पोहे घेऊन आली. सुनंदा. आक्कानं तिला शेजारी बसवून हात हातात घेतला, आणि सकाळपासनं काय केलंस म्हणून विचारलं. पोरीनं सरळ सांगितलं, शेळी व्याली, दुसऱ्या करडाला जवळ घेईना, मग पहिल्याच्या अंगाचा ओलावा त्याला चोळला आणि शेळीच्या नाकाशी धरलं. हुंगून बघितल्यावर घेतलं तिनं.

पोरीची चुलती डोळे वटारत होती. पाव्हण्यांत असलं बोलतात का.

आक्का हात सोडंना.

मग चुलतीनं कुंकवाचं ताट पुढं केलं. पोरीला कुंकू लावा म्हणाली.

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. वाटभर शिकवलं, आणि हेच राहिलं.

आक्कानं बोट कुंकवात बुडवलं, हात उचलला. बोट निघालं पोरीच्या कानाकडं. दोन्हीकडची सगळी माणसं बघतायत.

पोरगी जराशी वाकली, नमस्काराला वाकतात तशी, आणि कपाळ त्या बोटाखाली आणून ठेवलं.

कुंकू बरोबर मधोमध.

कुणालाच काही दिसलं नाही.

परत निघाल्यावर जीपमध्ये मी हळूच विचारलं, कशी वाटली.

"हीच."

"तू तर बघितलीबी न्हाईस."

"मी न्हाय बघितलं, सगू. तिनं मला बघितलं."

लग्न झालं. सुनंदानं महिन्याभरात आक्काला बारामतीला नेऊन ऑपरेशन करून आणलं. मी आपली दिलेला शब्द पाळत बसले होते. त्याची लाज मला अजून वाटते.

चष्मा आला. नात म्हणते हा शब्द फारसीतला, चश्म म्हणजे डोळा. आक्कानं तो लावला, सुनंदाला समोर उभं केलं, खालवर बघितलं.

"आगं बया, ही तर माझ्यासारखीच काळी."

"आता उशीर झाला, आत्याबाई," सुनंदा म्हणाली.

पुढं तीसेक वर्षं दोघी भांडल्या. मला कधी मधे घेतलं नाही.

शेवटी आक्काची मराठी आधी गेली, नुसती कानडी उरली. सुनंदाला त्यातलं काही येत नव्हतं. तरी उशाशी बसून प्रत्येक वाक्याला व्हय म्हणत होती.

आक्का, दत्तूचा संसार चांगला झाला. आता निवांत ऱ्हा. थोरलीला धाकटीचा नमस्कार.

आणि वाचणाऱ्यांनो, हारफुलं आणू नका, दोन दिवसांत सुकतात. शेंगोळ्या धाडा, हुलग्याच्या. लसूण दाबून घाला आणि मऊ शिजवा, मला दात नाहीत.