धुवायचा नव्हता तो

इस्पितळाच्या लॉन्ड्रीत तिनं एकतीस वर्षं काढली. रक्त, मलमं, औषधं. तिच्या हाताखालून डाग निसटला असं कधी झालं नाही. तिथल्या बायका तिला ‘डागकाळ’ म्हणायच्या. निवृत्त झाल्यावरही हात स्वस्थ बसेनात. घरातली पायपुसणीसुद्धा तिच्या तावडीतून सुटत नसत.

नवऱ्याची फुप्फुसं अधू झाली, तेव्हा सुनेनं त्याच्या खोलीत हवा शुद्ध करणारं यंत्र आणून ठेवलं. बाहेरची जाळी महिन्याला धुवायची. आतला घड्याघड्यांचा कागदी फिल्टर मात्र खराब झाला की बदलायचा.

“आई, हा धुवायचा नाही हं,” सून दोनदा म्हणाली.

तिनं मान हलवली. कालची पोर मला धुणं शिकवते, हे मनातल्या मनात.

मुलगा-सून बाहेरगावी गेले आणि यंत्रावर लाल दिवा लागला. तिनं तो करडा झालेला कागद काढला, साबणाच्या कोमट पाण्यात बुडवला, हलक्या हातानं खळबळला, दुपारभर उन्हात ठेवला. पांढराशुभ्र निघाला. परत बसवून तिनं बटण दाबलं. दिवा विझला.

चौथ्या दिवशी सकाळी नवऱ्याला खोकल्याची उबळ आली ती थांबेचना.

“खिडकी... उघड गं.”

“अहो, बाहेरची धूळ येईल. जरा दम धरा.”

“धरायला... दम हवा ना.”

तिनं खिडकीची कडी आणखी घट्ट केली आणि यंत्राचा वेग वाढवला. त्याचे ओठ निळसर दिसू लागले. आणखी वाढवावा म्हणून ती वाकली, तेव्हा झोताबरोबर तो वास तिच्या नाकात शिरला. ओलसर चादरी तशाच घडी करून ठेवल्या की तिसऱ्या दिवशी येतो तो. जन्मभर दुसऱ्यांच्या चुकांतून हुंगलेला.

तिनं यंत्राची पिन खेचली, खिडकी सताड उघडली, त्याला धरून स्वयंपाकघरात आणून बसवलं. फिल्टरच्या घड्या बोटांनी फाकवल्या. वरून पांढऱ्या, खोलात बुरशीचे काळे ठिपके.

“काय झालं?” त्यानं विचारलं.

“हा मी धुतला होता.”

तो धापेतच म्हणाला, “आता... माझी फुप्फुसंही... काढून धू.”

तिला हसू आलं नाही. डॉक्टरांना फोन लावला. ते निघतो म्हणाले. मग सुनेला.

“नवा फिल्टर कुठं मिळतो गं?”

“आई, धुतलात का?”

“धुतला.” “ओरड मागाहून. आधी दुकानाचं नाव सांग.”

सून सांगत होती. इकडे तिचा एक हात फोनवर, दुसरा नवऱ्याच्या पाठीवर. पाठ वर गेली. खाली यायला फार वेळ लागला. ती तळहात दाबून पुढच्या श्वासाची वाट पाहत राहिली.