मागच्या सीटवरची टेस्ट ड्राइव्ह

अंबादासमामांनी ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला आणि मागं बसलेले हमीदसेठ पुन्हा एकदा पुढं झुकले. या वेळी हातातला फोनही सुटला आणि सीटखाली गेला.

"अंबादास, आहिस्ता यार," सेठ मानेचा पट्टा सारखा करत म्हणाले.

"व्हय सेठ."

पुढच्या चौकात पुन्हा तेच.

पुढं मामांच्या शेजारी सेठचा मुलगा फैजान बसला होता. तो मागं सेठच्या शेजारी बसलेल्या माझ्याकडं वळला. बोलत माझ्याशी होता, पण आवाज मामांना ऐकू जाईल एवढा होता. "मॅडम, देखा ना आपने? रिपोर्ट में लिख दो. गाडी में कुछ प्रॉब्लेम नै. ड्रायव्हर बदलना पडता. इलेक्ट्रिक गाडी इनके बस की बात नै."

मामांनी मानेवरून रुमाल फिरवला. एसी चालू होता तरी.

आधी कोण कोण ते सांगते. हमीदसेठचं शहागंजमध्ये कापडाचं होलसेल दुकान आहे आणि वाळूजला पॅकिंगच्या खोक्यांचा कारखाना. राहायला गारखेड्यात. रोज घर, दुकान, कारखाना आणि परत घर, असा फेरा. त्यांना स्पाँडिलायटिस आहे. जुन्या डिझेल गाडीची घरघर आणि हादरे मानेला सोसेनात, म्हणून डॉक्टर म्हणाले गाडी बदला. मग बापलेकांनी ठरवलं, घ्यायची तर लक्झरी इलेक्ट्रिक एसयूव्हीच. दोन गाड्या निवडून ठेवल्या, एक निळी, म्हणजे आम्ही बसलो होतो ती, आणि एक राखाडी. किंमत जवळपास सारखी. कंपन्यांची नावं मी लिहीत नाही, आमच्या धंद्यात ते बरं दिसत नाही. दोन्ही शोरूमनी काही दिवसांसाठी डेमो गाड्या दिल्या आणि सेठनी आम्हाला बोलावलं. रोजच्या वापराला कुठली बरी, ते सांगा.

आमची फर्म लहान आहे. कारखान्यांना स्टाफ बस घ्यायची असते, हॉस्पिटलला ॲम्ब्युलन्स घ्यायची असते, तेव्हा ते आम्हाला विचारतात. आम्ही गाडी चालवतो, मोजतो आणि लिहून देतो. मी तिथं मेकॅनिकल इंजिनिअर आहे. वडील वाळूजला एका कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून पार्ट बनवतात तिथं, ऑपरेटर होते, घर बजाजनगरमध्ये. आमच्या घरातून कॉलेजची पायरी पहिल्यांदा मी चढले. वडील आजही ओळखीच्या माणसाला सांगतात, "आमची सुजाता गाड्यांची परीक्षा घेती." ऐकायला मला अजून आवडतं, उगाच लाजत नाही.

तर फैजाननं गाड्यांची परीक्षा आमच्या आधीच घेऊन टाकली होती. निळीचा पिकअप जास्त, निळीची रेंज, म्हणजे एका चार्जवर कापायचं अंतर, जास्त, निळीचा स्क्रीन मोठा, निळीची म्युझिक सिस्टीम भारी. खोटं त्यात काही नव्हतं. फक्त सेठचा रोजचा फेरा दोन्ही गाड्यांची बॅटरी निम्मीसुद्धा संपवत नव्हता. गाडी रात्री घरी चार्जिंगला लावली की झालं. आणि शहागंजमध्ये हातगाड्यांच्या मागं उभं असताना पिकअपचं करायचं काय?

ऑफिसला आल्यावर मोहिते सरांनी, म्हणजे माझ्या बॉसनी, मला केबिनमध्ये बोलावलं.

"फैजानचा फोन होता. निळी लिहून टाक. पोरगा खूश म्हणजे क्लायंट खूश."

"सर, सेठ मागं बसून हैराण होतात त्या गाडीत."

"ते ड्रायव्हरमुळं. त्याचीच एक लाइन टाकायला सांगितलीय. ट्रेन्ड ड्रायव्हर रेकमेंडेड. बस."

ती एक लाइन म्हणजे अंबादासमामांची नोकरी होती. सेठनी पहिला टेम्पो घेतला तेव्हापासून मामा त्यांच्याकडं आहेत. सेठ स्वतः त्यांना काढणार नव्हते, पण इंजिनिअरच्या सहीचा कागद पुढं आला असता तर मुलाला नाही म्हणायला त्यांच्याकडं काही उरलं नसतं. फैजानलाही ते माहीत होतं. आणि सही माझी लागणार होती.

"सर, टेस्ट अजून अर्धी राहिलीय. एक दिवस द्या."

"एकच," सर म्हणाले. "आणि उगाच समाजसेवा करू नको."

"समाजसेवा नाही सर, टेस्टिंग करते."

दुसऱ्या दिवशी मी काडेपेटीएवढा सेन्सर घेऊन गेले. तो मागच्या सीटच्या खालच्या पट्टीला चिकटवला आणि टॅब्लेटला जोडला. या सेन्सरचं काम थोडक्यात सांगते. ब्रेक जोरात लागला, पण हळूहळू लागत गेला, तर अंगाला फारसं कळत नाही. अचानक लागला तर हलका ब्रेकसुद्धा मानेला कळतो. हा अचानकपणा मोजता येतो. आम्ही त्याला जर्क म्हणतो. टॅब्लेटवर त्याची रेघ उमटते. रेघेला टोक आलं की समजायचं, मागच्या माणसाला धक्का बसला.

निळी गाडी, चालवायला मामा, मागं मी. रेघेवर टोकं भरपूर आली. पण मामा ब्रेक दाबत होते तेव्हा एकही नाही. सगळी टोकं त्यांनी ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला त्या क्षणाची.

कारण सोपं आहे. डिझेल गाडीत पाय उचलला की गाडी आपल्या वेगानं पुढं जात राहते, सावकाश मंदावते. इलेक्ट्रिक गाडीत पाय उचलला की मोटर उलटं काम करते. चाकांच्या फिरण्यातून वीज बनवते आणि बॅटरीत भरते. त्याला रीजन म्हणतात. वीज वाचते, पण त्या वेळी गाडीला कुणीतरी मागून धरल्यासारखं होतं. निळीत हे रीजन फार कडक होतं.

"मामा, पाय सारखा सारखा का काढता?"

"मंग? सिग्नल लांबून दिसला, उतार लागला, की पाय काढायचा. डिझल फुकट जाळायचं नाय."

"हिच्यात डिझेल कुठंय मामा? पाय पूर्ण काढू नका. नुसता सैल करा."

"व्हय म्याडम."

पुढचा सिग्नल लांबून दिसला आणि मामांनी पाय काढला. मी परत सांगितलं. परत "व्हय म्याडम", परत पाय वर. मला वाटलं ऐकायला कमी येतं की काय. मग त्यांनी स्वतःच सांगितलं.

"म्याडम, तुमचं बरोबर असंल. पण ही सवय सेठनी लावलीय. टेम्पोत शेजारी बसून शिकवलंय मला. पाय काढला नाय की पाठीत बुक्की. आता त्यांच्याच गाडीत त्यांचा शब्द कसा मोडू?"

यावर कॉलेजमध्ये चॅप्टर नव्हता.

गाडी दुकानासमोर उभी केल्यावर मामा खाली उतरले आणि काच पुसता पुसता म्हणाले, "काय लिवायचं ते लिवा. माझं कायबी व्हईल. पण नीट बघून लिवा."

नीट बघायचं तर दुसऱ्या कुणीतरी तीच गाडी चालवायला हवी होती. मी दुकानात गेले. फैजान गल्ल्यावर होता, सेठ गादीवर.

"फैजानभाई, वाळूजपर्यंत निळी तुम्ही चालवा. मी आणि सेठ मागं बसतो. मामा पुढं."

"क्यों?"

"चांगला ड्रायव्हर कसा चालवतो ते मोजायचंय."

तो लगेच उठला. मामा पहिल्यांदाच त्या बाजूच्या सीटवर बसत होते. हात कुठं ठेवायचे ते त्यांना कळेना, शेवटी दोन्ही गुडघ्यांवर ठेवले.

फैजान चालवतो चांगलं. पण पहिल्या सिग्नलला त्यानं पाय उचलला आणि सेठ झुकले. दुसऱ्याला झुकले. रिक्षा आडवी आली तेव्हा पुन्हा झुकले.

"फैजू," सेठ म्हणाले, "हर सिग्नल पे सलाम करवा रहा तू मेरे से. किसको कर रहा हूँ मैं सलाम? ट्रॅफिक पुलिस को?"

मामांना हसू आलं. त्यांनी त्याचा खोकला केला.

"अब्बा, मैं तो ब्रेक माराच नै!"

"मारला नाही, हे खरं आहे," मी म्हणाले. कारखान्याच्या गेटजवळ गाडी थांबल्यावर टॅब्लेट त्याच्या हातात दिला. "या दोन रेघा बघा."

"ये ऊंची वाली किसकी?"

"तुमची."

"और ये?"

"मामांची."

त्यानं दोन बोटांनी रेघा मोठ्या करून बघितल्या. मग म्हणाला, "पर मेरेकू तो कुछ लगाच नै."

"लागणारच नाही. तुमच्या हातात स्टिअरिंग आहे. पाय कधी उचलणार ते तुम्हाला आधीच माहीत असतं, अंग आपोआप तयार होतं. मागच्याला कोण सांगणार? तुम्ही या गाडीत मागं कधी बसलात?"

"एकबार भी नै," सेठ मध्येच म्हणाले. "शोरूम में भी सीधा स्टिअरिंग पे."

फैजान हट्टी असला तरी मूर्ख नाही. त्यानं विचारलं, हे रीजन कमी करता येतं का? येतं. मी स्क्रीनवर सेटिंगमध्ये शिरले, आतल्या मेनूत गेले आणि ते कमी केलं. आवारात एक चक्कर मारली. धक्का निम्म्यावर आला. फैजान टाळी वाजवून म्हणाला, "बस! हो गया. निळी फायनल."

"आता गाडी बंद करा आणि परत चालू करा."

त्यानं केली. सेटिंग पुन्हा कडकवर गेलं होतं.

म्हणजे घरून निघताना एकदा, दुकानातून निघताना एकदा, बँकेतून, मशिदीतून, कारखान्यातून. गाडी चालू केली की प्रत्येक वेळी स्क्रीनमध्ये शिरायचं, नाहीतर सेठची मान. राखाडीत त्यासाठी स्टिअरिंगमागं एक खटका होता. एकदा कमी केलं की गाडी बंद करून चालू केली तरी तसंच राहायचं. ते मी त्याच आवारात तिघांसमोर करून दाखवलं. राखाडी आमचा माणूस मागून घेऊन आलाच होता.

"कंपनी अपडेट देगी ना मॅडम," फैजान म्हणाला.

"दिलं की रिपोर्ट बदलते. आज समोर जी गाडी उभी आहे, ती मी तपासलीय."

आता एकच गोष्ट राहिली होती. राखाडीत मामा बसले, तरी पाय तर ते पूर्णच काढणार होते. खटका कितीही कमी केला तरी थोडा धक्का राहतोच. आणि कागदावर ड्रायव्हरची लाइन टाकायला तेवढं निमित्त पुरलं असतं. मी सेठकडं वळले.

"सेठ, तुमचा एक जुना हुकूम आहे. तो तुम्हीच मागं घ्या. माझं मामा ऐकत नाहीत."

"कौनसा हुकूम?"

मी सांगितलं. सेठनी मामांकडं बघितलं. "अरे अंबादास! वो तो मैं टेम्पो के टाइम बोला था!"

"तुमी बोलले व्हते ना?"

"हौ, पर..."

"मंग तुमीच सांगितल्याबगर कसं सोडू?"

सेठ हसायला लागले. मानेला पट्टा असल्यामुळं त्यांना हसताना सगळं अंग हलवावं लागत होतं. "बुक्की मारली होती मी याला," ते मराठीत मला म्हणाले. "लई मारली." मग मामांकडं वळून म्हणाले, "सुन. अब पाँव नक्को उठा. मैं बोल रहा हूँ. जलने दे बिजली."

"व्हय सेठ."

राखाडी वाळूजहून निघाली. मामा चालवत होते, फैजान पुढं, मी आणि सेठ मागं. मी सेन्सर हलवून राखाडीला लावला होता. सुरुवातीला एकदोनदा मामांचा पाय सवयीनं वर आला, पण मध्येच थांबला. मग रेघ सपाट होत गेली. छावणीच्या पुढं सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मी सेठना काही विचारायला वळले, तर त्यांचा डोळा लागला होता. फैजाननं मागं वळून बघितलं.

रिपोर्टमध्ये मी राखाडीचे दोषही लिहिले. इलेक्ट्रिक गाडीत बॅटरी पायाखाली असते, त्यामुळं मागच्या सीटपुढचा फ्लोअर उंच येतो. उंच माणसाचे गुडघे वर येतात आणि मांड्या अधांतरी राहतात. राखाडीत हे जास्त होतं. सेठ बुटके आहेत म्हणून चाललं, सहा फुटी माणसाला मी ती गाडी सुचवली नसती. रेंज कमी, म्युझिक साधं, तेही लिहिलं. शेवटी लिहिलं, रोजच्या वापराला राखाडी. त्याच्याखाली लिहिलं, सध्याचे चालक या गाडीला पूर्ण योग्य आहेत.

मोहिते सरांनी वाचलं. "पोराला आवडलं नाही तर?"

"तर माझं नाव सांगा. सही माझी आहे."

रिपोर्ट द्यायला मीच गेले. फैजाननं दुकानात उभ्या उभ्या शेवटचं पान वाचलं आणि सेठकडं दिलं. सेठनी चष्मा लावून वाचलं, घडी घातली आणि खिशात ठेवलं.

"मॅडम," फैजान मला सोडायला दारापर्यंत आला, "ये ड्रायव्हर वाली लाइन आप खुद लिखी, या अब्बा बोले?"

"सेन्सर बोलला."

त्यानं मान हलवली. राखाडी बुक झाली. मामा ती अजून चालवतात. फैजाननं त्याच आठवड्यात मला त्याच्या एका मित्राचा नंबर दिला, त्यालाही गाडी घ्यायची होती, वडिलांसाठी.

आमच्या ऑफिसच्या टेस्ट फॉरमॅटमध्ये पूर्वी सगळे कॉलम ड्रायव्हरच्या सीटचे होते. आता मागच्या सीटचा वेगळा कॉलम आहे. तो मी टाकलाय. मोहिते सर नव्या इंजिनिअरांना तो समजावून सांगतात तेव्हा "ही सुजाताची टेस्ट" असंच म्हणतात आणि मी तिथं असले तर दुरुस्त करत नाही.

गाडी घेणाऱ्याला मी आता एवढंच सांगते. ज्याच्यासाठी गाडी घेताय तो कुठं बसणार, ते आधी विचारा. मग तिथं बसून शहरात एक फेरी मारा. सिंगल चार्जवर गाडी मुंबईला पोचते का, हा प्रश्न त्यानंतर विचारला तरी चालतो.