गावडे सर घाबरायचे तेव्हा

नोकरीत मी साहेब बरेच पाहिले, पण गावडे सरांइतका घाबरट साहेब दुसरा पाहिला नाही.

घाटकोपरच्या आमच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये ते रिपोर्ट विभागाचे प्रमुख होते आणि मी त्यांच्या हाताखाली. लॅबमध्ये काहीही बदललं की पहिली आरोळी त्यांची. नवं सॉफ्टवेअर आलं, "मेलंय! आता काय खरा नाय!" युनिफॉर्मचा रंग बदलला, तरी तेच. चहाचं मशीन बसवलं त्या दिवशी तर ते डोकं धरून बसले. ही सुरुवात आहे म्हणाले. कणकवलीकडचा माणूस. एरवी शुद्ध बोलायचे, पण भीती मात्र त्यांना मालवणीतच वाटायची. आम्ही त्यांचं नाव 'भूकंप' ठेवलं होतं.

गंमत अशी की त्यांना शांत करता करता आमचीच भीती पळून जायची. "सर, काही नाही हो, दोन बटणं तर आहेत," असं नीलिमा त्यांना समजावायची. आणि समजावता यावं म्हणून ती बटणं आधी स्वतः शिकून यायची. असं करत आमचा अख्खा विभाग सगळ्यात आधी नवं सॉफ्टवेअर शिकला. शाबासकी सरांना मिळाली. त्या शाबासकीलाही ते घाबरले.

मग एका मोठ्या कंपनीने लॅब विकत घेतली आणि विभागप्रमुखांना जुहूच्या हॉटेलात शिबिराला नेलं. विषय होता, बदलाच्या काळातलं नेतृत्व. दुसऱ्या दिवशी डबा खाताना सर सांगत होते, "डोळे मिटायला लावले. म्हणाले, बदल ही समुद्राची मोठी लाट आहे, तुम्ही काय कराल? मी म्हटलं, पळेन."

"मग?" मी विचारलं.

"मगच दिला. कॉफीचा. प्रामाणिक उत्तराबद्दल."

पुढे काही आठवड्यांनी सर अंधेरीच्या मुख्य ऑफिसातली मीटिंग आटोपून आले आणि ओरडलेच नाहीत. नुसते खुर्चीत बसून राहिले. तेव्हा आम्ही पहिल्यांदा खरे घाबरलो.

"सर, ओरडा ना काहीतरी," नीलिमा म्हणाली. "असे गप्प नका बसू."

"दार लाव गो," ते म्हणाले.

सगळ्या तपासण्या अंधेरीला जाणार होत्या. घाटकोपरला फक्त रक्त घ्यायचं केंद्र राहणार होतं, सर त्याचे प्रमुख. आम्ही बहुतेक सगळे महिनाअखेर घरी. आणि शेवटच्या दिवसापर्यंत हे कुणाला कळू द्यायचं नाही, अशी सरांना सक्त ताकीद होती. तरी दार लागल्यावर सरांनी एकेकाला नाव घेऊन सांगितलं. माझंही नाव होतं. नीलिमा रडायला लागली. "रड," सर म्हणाले, "पण उद्या बायोडेटा घेऊन ये."

त्यानंतर ते सारखे फोनवर. मुलुंड, कुर्ला, बोरिवली, जिथे म्हणून कुणी ओळखीचं होतं तिथे. प्रत्येक फोनआधी पाणी प्यायचे, तरी पहिल्यांदा नंबर लावून स्वतःच कट करायचे. मी एकदा म्हटलं, "सर, इतकं घाबरता, तर कशाला करता?"

"अगं, घाबरायचं संपल्यावर काम करेन म्हटलं असतं, तर आयुष्यात एक काम झालं नसतं माझ्याकडून. मी घाबरत घाबरतच करतो."

बातमी अंधेरीला पोचलीच. एचआरचा तरुण साहेब धडकला आणि सगळ्यांसमोर त्याने विचारलं, "गावडे, हे बाहेर कसं गेलं?"

"घाबरलो, साहेब. तोंडातून निघून गेलं."

त्याने आमच्याकडे पाहिलं. आम्ही माना डोलावल्या. या खुलाशावर शंका घेणारा एकही माणूस त्या लॅबमध्ये नव्हता.

केंद्राचं प्रमुखपद त्याच दुपारी गेलं, नोकरीही महिनाअखेरपर्यंतच उरली. कारण दिलं, बदलाच्या काळात नेतृत्वगुण कमी पडले.

महिना संपायच्या आत आम्ही सगळे कुठे ना कुठे लागलो. मला मुलुंडला मिळालं, नीलिमाला कुर्ल्याला. शेवटच्या संध्याकाळी मी सरांना विचारलं, "आता तुमचं काय?"

"ते बघू पुढचं पुढे. घरी अजून सांगितलं नाहीये. तू येतेस का सोबत?"

मी बोरिवलीपर्यंत गेले. जिना चढताना ते दोनदा थांबले. सरांच्या बायकोने, काकींनी, दार उघडलं आणि सर माझ्या मागे सरकले, म्हणून मीच सांगितलं, सगळं, अगदी पहिल्यापासून. काकी उंबऱ्यातच उभ्या राहून ऐकत होत्या.

"पोरं सगळी लागली ना कामाला?" त्यांनी विचारलं.

"हो, काकी."

"मग झालं तर. हात धुवा दोघं. भात निवतोय."

सर आत मोरीत गेले. नळ सुरू झाला आणि बराच वेळ चालूच राहिला. मी पाटावरून उठायला लागले, तेव्हा काकींनी माझ्यापुढे ताट सरकवलं.

"राहू दे त्यांना जरा," त्या म्हणाल्या. "तू जेव."