घोरणं थांबलं की

वडगावात नागेंद्रचं घर विचारत बसावं लागत नाही. यंत्रमागांच्या खडखडाटावर मात करून जिथून घोरणं ऐकू येतं, ते त्याचं घर. देह असा की तो रिक्षात बसला की दुसऱ्यानं खुशाल चालत यावं. विणकरांच्या गल्लीत सगळे काटकुळे, त्यामुळे या देहाचं त्याला भारी कौतुक. शुगर आली, बीपी आलं, गुडघे कुरकुरायला लागले, तरी तो म्हणायचा, खात्यापित्या घरात हे चालायचंच.

मग एकदा भर दुपारी, चालत्या मागापुढं उभ्या उभ्या त्याचा डोळा लागला. बायकोनं, सत्यवतीनं, वेळीच मागं ओढलं म्हणून हात वाचला. त्याच संध्याकाळी तिनं त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं, की गळ्याभोवतीची चरबी झोपेत श्वासाची वाट अडवते. वजन उतरवा, झोपताना मशीनचा मास्क लावा, नाहीतर एखाद्या रात्री हृदय दगा देईल. नागेंद्र हसला. माझ्याइतकी गाढ झोप अख्ख्या वडगावात कुणाला नाही, म्हणाला, मास्क कशाला?

तेव्हा सत्यवतीनं तोंड उघडलं. मागाच्या घरात वाढलेल्या माणसाला खडखडाटात बिनघोर झोप लागते. जाग येते ती माग थांबला की, कारण तेव्हा कुठंतरी धागा तुटलेला असतो. तिचा कान तसाच घडलेला.

"ह्यांचं घोरणं थांबलं की मला जाग येतीया," ती डॉक्टरांना म्हणाली. "मग हलवून कुशीवर करते. श्वास आला की परत पडते. मला वाटलं, जाड माणसांचं असंच असतंय."

कधीपासून, असं डॉक्टरांनी विचारलं.

"सौम्या रांगत होती, तवापासनं."

त्यांची लेक सौम्या यंदा डिग्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे.

नागेंद्रच्या तोंडचं पाणीच पळालं. सत्यवतीचं माहेर सुळेभावीला, अगदी जवळ. तरी इतक्या वर्षांत ती तिथं एक रात्र राहिली नव्हती. आई वारली त्या दिवशीसुद्धा दिवेलागणीला परत आली, भावकीनं नावं ठेवली ती मुकाट ऐकून घेतली. नवऱ्यावाचून हिला करमत नाही, असं हा मिशीला पीळ देत सांगत फिरला होता. आणि ही बाई रोज रात्री त्याचा श्वास राखत होती. देवळात नंदादीप राखणाऱ्याला निदान गाव हात तरी जोडतं. इतकं मोठं माणूस आपल्या उशाशी होतं आणि आपण घोरत पडलो होतो, या विचारानं त्याला तिच्याकडं मान वर करून बघवेना.

मास्क त्यानं त्याच आठवड्यात आणला. सुरुवातीला जीव गुदमरायचा, पण काढला नाही. ताटातली भाकरीही अर्ध्यावर आली. तरीसुद्धा सत्यवती उठायची आणि त्याच्या छातीवर हात ठेवून बघायची. शेवटी त्यानं स्वतः तिची पिशवी भरली, सौम्या हाय माझ्याजवळ म्हणाला, आणि तिला सुळेभावीच्या बसमध्ये बसवलं.

दुसऱ्या दिवशी मेव्हण्याचा, परशरामचा, फोन आला. उन्हं अंगणात उतरली तरी आक्का उठली नव्हती. हाका मारल्या, तर हूं म्हणून कूस बदलली आणि पुन्हा झोपली. आक्काला असं कधी बघितलं न्हाय, तो काळजीनं म्हणाला, उठवू काय?



"नको रं," नागेंद्र म्हणाला. "झोपू दे तिला. लई वर्सं जागी हाय ती."